अँटिबॉडीच्या आधीचे दिवस

फ्लूचा ताप आला म्हणजे अँटिबॉडी (विषाणूला चिकटून त्याला रोखणारी प्रथिनं) कामाला लागल्या, असा एक समज आहे. तसं नाही. नव्या विषाणूविरुद्ध पुरेशा अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. ताप त्याच्या कितीतरी आधी चढतो. तोवर किल्ला लढवते ती जन्मजात प्रतिकारशक्ती.

ती विषाणू ओळखते कशी, हा भाग मला विलक्षण वाटतो. आपल्या संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या रेणूच्या) टोकाला एक रासायनिक टोपी असते. फ्लूच्या विषाणूची जनुकं आरएनएचीच असतात; त्या आरएनएच्या टोकाला मात्र तीन फॉस्फेट उघडी असतात. पेशीद्रवातलं रिग-आय हे प्रथिन नेमकं तेच टोक पकडतं, मायटोकॉन्ड्रियावरच्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रावरच्या) मॅव्ह्स प्रथिनाला खबर देतं आणि केंद्रकात इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनाची जनुकं चालू होतात.

इंटरफेरॉन स्वतः विषाणू मारत नाही, शेजारच्या पेशींना सावध करतं. मग विषाणू तिथे शिरलाच, तर त्या पेशींतलं पीकेआर हे प्रथिन नवी प्रथिनं बनणं रोखतं आणि आरएनेज-एल हे दुसरं प्रथिन आरएनएचे तुकडे पाडतं. अंगदुखीतही इंटरफेरॉनचा वाटा असतो. हेपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारासाठी त्याची इंजेक्शनं देत, तेव्हा फ्लू नसतानाही रुग्णांना तशीच कणकण यायची, अंग ठणकायचं.

बिघडतं कुठे? फ्लूचं एनएस-१ प्रथिन रिग-आयची ही साखळीच दाबतं. शिवाय काहींच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटिबॉडी असतात. २०२० मध्ये अत्यवस्थ कोविड रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे १० टक्के जणांत त्या सापडल्या.