1909 चा पहिला ग्रे कप: गोल नाही तरी किकला 1 पॉइंट कामून?

परभणीचा रेडर:
मंडळी एक विचारायचंय. माझा मावसभाऊ हॅमिल्टनला शिकायलाय, त्यानं मला कॅनडाच्या फुटबॉलचं याड लावलं, तो हातात धरून पळायचा अंड्यासारखा बॉल असतो ना तो खेळ. ग्रे कप म्हणजे तिथल्या चॅम्पियनला भेटतो तो कप, आता मी पार पहिल्या ग्रे कपपासून वाचायलो. 4 डिसेंबर 1909, टोरंटोचं रोझडेल फील्ड, युनिव्हर्सिटी ऑफ टोरंटोनं पार्कडेल कॅनू क्लबला 26-6 नं हरवलं, इथपर्यंत कळलं. पण युनिव्हर्सिटीकडून ह्यू गॉल म्हणून एक गडी होता, त्यानं किक मारून 8 वेळा एकेक पॉइंट घेतला म्हणतेत अन् ते गोल नव्हतेच. मग पॉइंट कशाचा? आणि फायनलला होडीवाला क्लब कसा काय आला? रात्री 1 वाजेपर्यंत शोधलं, डोक्यात घुसंना.

गोदाकाठ:
दादा तुम्ही रेडर आहात तर कबड्डीतली बोनस लाईन डोळ्यापुढं आणा. समोर 6 गडी असले की कुणाला हात न लावता लाईन ओलांडून पाय टेकवला, दुसरा उचलून धरला, पॉइंट भेटला. हे तसलंच. तिथं गोल लाईनच्या मागं अजून मैदान असतं. आपण लांब किक मारून बॉल त्या मागच्या जागेत घालायचा, आता समोरच्यानं तो उचलून गोल लाईनच्या पुढं मैदानात काढायला पाहिजे, त्याच्या आधी आपल्या पोरांनी त्याला तिथंच पाडला की आपल्याला 1. ह्याला सिंगल म्हणतात, रूज पण म्हणतात. म्हणजे हा पॉइंट समोरच्याला त्याच्याच घरात कोंडल्याचा आहे.
अन् तेव्हा बॉल पुढं फेकायची सोयच नव्हती हो, फॉरवर्ड पास थोडाथोडा 1929 ला आला अन् नीट 1931 ला. समोर 14 गडी भिंतीसारखे उभे, पुढं फेकता येत नाही, पळून पळून किती पळणार, मग जागा कमवायची ती पायानंच. बॉल घेऊन गोल लाईनच्या पार गेलं की ती ट्राय, ती तेव्हा 5 ची होती, म्हणजे गॉलच्या नुसत्या किका दीड ट्रायच्या वर गेल्या. पार्कडेलचे सगळे मिळून 6 अन् ह्या एकट्याच्या किकांचे 8!

लातूरची मुक्ता:
होडीचं मी सांगते. ही पोरं उन्हाळाभर तळ्यात होड्या मारायची आणि थंडी पडायला लागली की फुटबॉल, क्लब तोच. टोरंटो आर्गोनॉट्स पण मुळात रोइंग क्लबचीच टीम, 1873 ची, ती तर आजपण खेळते.
मला जास्त लागलं ते कपाचं. अर्ल ग्रे तिथले गव्हर्नर जनरल, त्यांना कप द्यायचा होता हॉकीला, पण तिथं आधीच अ‍ॅलन कप आला म्हणून फुटबॉलला दिला. 48 डॉलरचा कप, आणि तो वेळेवर बनवूनच झाला नाही. पोरं डिसेंबरात जिंकली अन् कप हातात आला मार्च 1910 ला. फायनलला माणसं पण 3,807 च. आपल्याकडं जत्रेतल्या कुस्तीला ह्याच्यापेक्षा जास्त जमतात. जिंकून रिकाम्या हातानं घरी जायचं म्हणजे कसं वाटलं असंल त्या पोरांना.

जालन्याचा पंच:
गोदाकाठ दादांनी बरोबर सांगितलं, एक राहिलं. बॉल कुणाचा हात न लागता मागच्या जागेतून थेट मैदानाबाहेर गेला तरी 1 पॉइंट द्यायचे. हे मला कधीच पटलं नाही. कोंडला तर पॉइंट घ्या, पण बॉल नुसता बाहेर उडाला त्यात समोरच्याला संधीच कुठं भेटली? 2025 ला त्यांच्या सीएफएल लीगनं पण जाहीर केलं की 2026 च्या सीझनपासून असल्या किकला पॉइंट नाही. बॉल आत राहिला अन् काढता आला नाही तरच.

परभणीचा रेडर:
मुक्ताताई, पंचसाहेब, गोदाकाठ दादा, सगळ्यांनी लै भारी सांगितलं. बोनस लाईन म्हटल्यावर एका मिनटात ट्यूब पेटली. उद्या सकाळी आमच्या ग्राउंडवर फक्कीनं एक जास्तीची लाईन मारतो मागं, अंड्याचा बॉल नाही पण व्हॉलीबॉल आहे, पोरांना म्हणतो मी किक मारतो, तुम्ही बाहेर काढून दाखवा.