मदत हवी आहे: स्विमिंग पूलच्या फेन्सला लागून असलेला चाफा वाचवता येईल का?

चाफेवाली

नमस्कार मंडळी, झाडं आणि पूल या दोन्हीतलं कळणारं इथे कोणीतरी असेल या आशेने विचारतेय. आम्ही न्यू साउथ वेल्समध्ये राहतो, मागच्या अंगणात पूल आहे, पूलची फेन्स मुलांसाठी सुरक्षित असल्याच्या सर्टिफिकेटची तीन वर्षं संपली म्हणून परत इन्स्पेक्शन करून घेतलं आणि सर्टिफायरने भलीमोठी यादी हातात ठेवली. गेट आपोआप पूर्ण बंद होत नाही (बिजागरीत वेल घुसलाय, ते केलं आम्ही साफ), फेन्सला टेकून ठेवलेल्या कुंड्या, वगैरे वगैरे, ते सगळं ठीक आहे. पण यादीत सगळ्यात वर आहे आमचा पांढरा चाफा.

झाड फेन्सच्या बाहेर, म्हणजे अंगणाच्या बाजूला आहे, खोड फेन्सपासून साधारण ६०० मिमीवर आणि जमिनीपासून ७०० मिमीवर त्याला पहिलं बेचकं फुटतं. फेन्स १२०० मिमी उंच. सर्टिफायर म्हणाला की हे बेचकं नॉन-क्लाइंबेबल झोनमध्ये (फेन्सलगतचा ९०० मिमीचा भाग, जिथे चढायला पाय ठेवण्यासारखं काही असू नये) येतं, छाटा नाहीतर काढा. नवरा म्हणतो करवत आण. मला ते जमणार नाही, घर घेतलं ते त्या झाडाकडे बघून घेतलं असं म्हटलं तरी चालेल.

अजून एक, मागच्या बाजूला शेजाऱ्यांची आणि आमची कॉमन फेन्स १८०० मिमीची आहे आणि त्यांच्या झाडाच्या फांद्या तिच्यावर अगदी टेकल्यात. त्यांनाही जाऊन सांगायचं का आता? आधीच संबंध बेताचेच आहेत.

सुतळीतोडा

आधी तो ९०० मिमीचा झोन म्हणजे काय ते नीट बघा, कारण बहुतेक लोक जमिनीवर फेन्सपासून ९०० मिमीचा पट्टा मोजतात आणि तो सरसकट मोकळा करत बसतात. खरं तर ते वर्तुळाचा चौथा भाग आहे. फेन्सच्या वरच्या कडेला सुतळीचं टोक धरा, ९०० मिमीवर गाठ मारा, सुतळी बाहेरच्या बाजूला आडवी ताणा आणि तिथून हळूहळू खाली फेन्सपर्यंत फिरवा. गाठ ज्या कमानीतून जाते तिच्या आत पाय ठेवायला काही नको. १२०० च्या फेन्सला ही कमान जमिनीपासून ३०० वर येऊन संपते, त्यामुळे फेन्सला चिकटून गुडघ्याच्याही खाली राहणारी बुटकी झुडपं असली तर चालतात, ती उगाच उपटू नका.

तुमचं बेचकं ६०० बाजूला आणि फेन्सच्या टोकापासून ५०० खाली, म्हणजे टोकापासून तिरकं अंतर ७८० च्या आसपास. आत आहे. सर्टिफायर बरोबर आहे, सॉरी.

शेजाऱ्यांच्या फांद्यांचं टेन्शन घेऊ नका. हद्दीची फेन्स १८०० ची असेल तर तो ९०० चा झोन तुमच्या पूलच्या बाजूने मोजतात, वरून खाली. कारण पलीकडे शेजारी काय लावतील त्यावर तुमचा ताबा नाही, म्हणून पलीकडून कोणी चढलंच तरी अलीकडे उतरायला आधार मिळू नये हा हिशोब. म्हणजे बघायचं ते तुमच्याच बाजूला, त्या फेन्सला लागून पूलशेजारी उंच झुडूप किंवा पंपाची पेटी असेल तर ती.

करवत_काका

नियम बाजूला ठेवा. आमच्याकडे सर्टिफिकेट अगदी चोख होतं, त्यानंतर सहा महिन्यांत बोगनवेल अशी वाढली की जाड फांदी फेन्सपाशी आली आणि आमचा साडेतीन वर्षांचा धाकटा तिच्यावर पाय देऊन वर. मी खिडकीतून बघितलं म्हणून. तीन वर्षांतून एकदा माणूस येऊन बघतो पण झाड रोज वाढतं. चाफ्याचं बेचकं तर मुलांसाठी केलेली खुर्चीच असते हो. काढा.

चाफेवाली

काका, वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे मूल चार वर्षांचं आहे त्यामुळे मुद्दा कळतोय. पण काढायच्या आधी काही मधला मार्ग आहे का तेवढंच विचारतेय. एकाने सांगितलं की झाडाच्या आणि फेन्सच्या मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा लावला की झालं?

बोल्टनट

पत्र्याने काम होतं, पण लोक तो चुकीचा लावतात. सपाट गुळगुळीत पॉलिकार्बोनेट, पक्का बसवलेला, हाताने सरकणार नाही असा, आणि त्याच्या चौकटीच्या आडव्या पट्ट्या किंवा बोल्टचे डोके बाहेरच्या बाजूला पायरीसारखे येता कामा नयेत. आम्ही हौसेने आडव्या पट्टीवर ठोकला आणि तीच पट्टी नवीन पायरी झाली, परत सगळं उचकटलं. तुमच्या केसमध्ये मला तरी पत्रा पटत नाही, कारण बेचक्यात उभं राहिलेलं पोर पत्र्याच्या वर पोचणार. पत्रा बरा पडतो तो बुटक्या गोष्टींना, नळ, दगडी कट्टा असलं काही.

छाटायचं ठरवलंच तर बरोबर ९०० वर छाटू नका, उन्हाळ्यात महिन्याभरात परत आत येईल. थोडी ढील ठेवा. आणि पूलच्या आतल्या बाजूलाही फेन्सपासून ३०० मिमी बघून घ्या, उभ्या पट्ट्यांची फेन्स असेल तर फटीतून पाय आत टाकून तिथल्या फांदीवर ठेवता येतो.

माळीबुवा

कोणी विचारलंच नाही अजून: चाफा हलवायचा का नाही? चाफ्याइतकं सोशिक झाड हलवायला दुसरं नाही. तुमच्याकडचा हिवाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, पानं गळून नुसती काठ्यांसारखी फांदी उरते, तेव्हा करा. मुळांचा गोळा जमेल तेवढा मोठा ठेवा, फांद्या हलक्या करा, नवीन जागी पाणी साचणार नाही इतकं बघा आणि सुरुवातीला फार पाणी घालू नका, कुजतो तो पाण्याने. मोठं झाड असेल तर खोडाला आधार द्या.

छाटलेल्या फांद्या फेकू नका. तुकडे सावलीत आठ-पंधरा दिवस ठेवून कापलेली बाजू सुकली की लावा, फुटतात. चीक हाताला, डोळ्याला लागू देऊ नका, हातमोजे घाला. आणि मोठं झाड हलवायच्या किंवा तोडायच्या आधी काउन्सिलला (तिथल्या पालिकेला) विचारा, काही ठिकाणी ठराविक उंचीच्या वरच्या झाडाला परवानगी लागते. दंड बसल्यावर मग विचारण्यात अर्थ नाही.

सुतळीतोडा

माळीबुवांचं बेस्ट. अजून एक बघा, झाडाखाली वाफा केलाय का? माती, मल्च (झाडाच्या बुडाशी पसरतात तो पालापाचोळा, भुसा) वर चढत जातं आणि फेन्सची उंची त्या नव्या जमिनीपासून मोजतात. १२०० ची फेन्स कागदावर १२०० राहते फक्त. उलट पावसाने मल्च वाहून गेलं की फेन्सखाली १०० मिमीपेक्षा जास्त फट पडते, तेही नापास.

चाफेवाली

आत्ताच टेप घेऊन मोजून आले. वाफ्यापाशी फेन्स ११३० भरतेय!! दरवर्षी मीच मल्च टाकत होते, झाडाला बरं म्हणून. म्हणजे सर्टिफायरच्या यादीत नसलेली एक चूक मी स्वतः शोधली आणि तीही माझीच. सुतळीही फिरवून बघितली, बेचकं तर आहेच पण वरची अजून एक फांदीही आत येते.

ठरलंय असं: मल्च उद्याच काढते, जुन्या पातळीपर्यंत. काउन्सिलला विचारून ठेवते. झाड जूनमध्ये हलवायचं, पण तोपर्यंत बेचकं तसंच ठेवून चालणार नाही म्हणून झोनमधल्या दोन फांद्या या आठवड्यात उतरवते, तेवढं तर करावंच लागेल. करवत नवऱ्याच्या हातात नाही, माझ्याच हातात राहील.

माळीबुवा, नवीन जागा पूलपासून चांगली लांब पण दुपारनंतर सावली येते तिथे, फुलं कमी येतील का?

माळीबुवा

कमी येतील. सकाळचं सहा तास ऊन मिळत असेल तर लावा, नाहीतर दुसरी जागा शोधा, जूनपर्यंत वेळ आहे.