फ्लॅप सोडले आणि विमान उसात! पॉवर बोर्ड जोडायचा कसा?

उसातला_पायलट
रविवारी तिसऱ्याच उड्डाणाला माझं रिमोटचं विमान गेलं. बाल्साच्या हलक्या लाकडाचं, पंख 1.8 मीटर, 4 सेलची लिपो बॅटरी. एलेरॉनला दोन, फ्लॅपला दोन, एलिव्हेटर आणि रडर असे सहा सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), सगळे मेटल गिअरचे. उतरायला आलो, फ्लॅप पूर्ण सोडले, एलिव्हेटर ओढला आणि सगळं थिजलं. सेकंद-दीड सेकंद स्टिकला दादच नाही. तोवर उसात घुसलं. दीड तास शोधलं, हातभर पाचटाचे ओरखडे. शेवटी ट्रान्समीटर बंद केला, तसा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) पीं-पीं करायला लागला. त्या आवाजावर सापडलं.

ईएससी 60 अँपिअरचा, त्यातली बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना कमी व्होल्टची वीज देणारा भाग) 5 व्होल्ट 3 अँपिअर. घरी टेबलावर काहीच तक्रार नाही.

आता 6 व्होल्ट 10 अँपिअरची यूबीईसी (म्हणजे वेगळी, सुटी बीईसी) आणि सर्व्होंना वीज वाटणारा पॉवर डिस्ट्रिब्यूशन बोर्ड आणलाय. घोळ असा, की बोर्डापासून रिसीव्हरपर्यंतच्या लीडमध्ये लाल वायरच नाही, फक्त पांढरी आणि काळी. आणि जो तो सांगतो की ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढ. दोन्ही केलं तर रिसीव्हर उपाशी मरेल ना?

सोल्डरकाका
मरेलच! काही काढू नकोस. त्या लीडना लाल वायर नाही ती मुद्दामच. सर्व्होंची वीज यूबीईसीकडून बोर्डावर येते आणि तिथूनच सर्व्होंना जाते. रिसीव्हरकडून फक्त सिग्नल आणि ग्राउंड. रिसीव्हर बिचारा 100 मिलिअँपिअरच्या आसपास खातो, तेवढं ईएससीची बीईसी आरामात देईल. ईएससीचा थ्रॉटलचा प्लग रिसीव्हरला आहे तसा लाव. उद्या सर्व्होंनी कितीही वीज ओढली तरी रिसीव्हर जागा राहील.

लाल वायर काढायचा सल्ला यूबीईसी थेट रिसीव्हरला लावणाऱ्यांसाठी आहे. तिथे एकाच लाइनवर दोन बीईसी भांडतात. तेव्हासुद्धा कापायची नाही. सुईनं प्लगची प्लास्टिकची जीभ उचल, पिन मागे ओढ, हीट श्रिंकची नळी घाल आणि दुमडून ठेव.

टेबलावर का चाललं? कारण तिथे हवेचा जोर नाही, सर्व्हो कमी वीज ओढतात. आणि तुझी बीईसी लिनियर (जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवणारी) असेल तर गणित करून बघ. भरलेली 4 सेलची लिपो 16.8 व्होल्ट, बीईसी देते 5. मधले 11.8 व्होल्ट उष्णतेत जातात. 2 अँपिअर ओढले तर 23.6 वॅट. माझा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा आहे. तो विमानाच्या बंद फ्यूजलाजमध्ये (धडात) ठेवून उडवशील का?

शेपटीकडचा
काकांशी सहमत, पण सहा सर्व्होंना बोर्ड म्हणजे मुंगीला हत्तीची झूल. मी यूबीईसीच्या दोन लीड रिसीव्हरच्या दोन रिकाम्या सॉकेटमध्ये लावतो आणि ईएससीची लाल वायर काढतो. दोन लीड अशासाठी, की या बारीक पिनांवर एकट्यानं सगळा भार टाकू नये. आणलाच आहेस तर लाव बोर्ड. सर्व्होंना 6 व्होल्ट चालतात का ते मात्र आधी पाहा. प्लग उलटा गेला तर घाबरू नकोस, लाल मधोमध असते, सर्व्हो फक्त हलणार नाही.

सोल्डरकाका
अजून एक. यूबीईसी आणि बोर्ड यांच्यामध्ये वॉटमीटर लाव आणि एकेक कंट्रोल शेवटपर्यंत ने. एखादा सर्व्हो गुणगुणत असेल तर खरा चोर तोच.

उसातला_पायलट
काका, चोर सापडला! स्टिक मध्यावर 0.4 अँपिअर. डावा फ्लॅप पूर्ण खाली नेला की 2.3, आणि सर्व्हो डासासारखा गुणगुणतो. सर्व्होला फ्लॅपशी जोडणारा पुशरॉड तीन-चार मिलिमीटर लांब झालाय, हॉर्न (पुशरॉड अडकवायचा छोटा दांडा) बाल्साच्या कडेला टेकतो. टेबलावर इतके दिवस ऐकूच आलं नाही, कारण वर पंखा चालू!

क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची क्लिप) चार आटे आत घेतला, एंड पॉइंट (सर्व्हो कुठवर फिरेल ती हद्द) 85 टक्क्यांवर आणला. आता त्याच ठिकाणी 0.6. बोर्ड काकांनी सांगितल्याप्रमाणे लावलाय, लाल वायर जागच्या जागी.

एलेरॉनचं कव्हरिंग फाटलंय, ते चिकटवायला आठवडा जाईल. तरी पुढचं उड्डाण ऊसतोड झाल्यावरच. शेतमालकांनी तंबी दिलीय.