आगाऊ नोंदणी: जूनमध्ये नको, आणि टपालाचं गणित

कादंबरी छापायच्या आधीच वाचकांकडून पैसे घेऊन प्रती नोंदवायच्या म्हटलं, की "खेड्यातला वाचक न छापलेल्या कादंबरीला आगाऊ पैसे देत नाही" असं ऐकायला मिळतं. तसं नाही, देतो. फक्त जूनमध्ये मागू नका. आमच्या यवतमाळकडे मृगाच्या तोंडावर सगळ्यांचा पैसा बियाण्या-खतात अडकलेला असतो, मास्तरांचासुद्धा (त्यांचीही शेती असतेच). दिवाळीनंतर कापूस घरात आला, की तीच माणसं खुशीनं खिशात हात घालतात. माझ्या ओळखीच्या एका लेखकानं नोंदणीची वही बाजाराच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात ठेवली होती. क्यूआर कोडही चिकटवला होता, पण लोक आधी वहीच चाळायचे: आपल्या गावातलं कोणाकोणाचं नाव आहे? पहिल्या पानावर वजनदार नावं असली की पुढची पानं आपसूक भरतात.

टपालाचा विषय मात्र सहसा कोणी काढत नाही. "सवलतीत घरपोच" लिहून मोकळं होणं सोपं आहे, पण पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपाल खात्याची जुनी सेवा, नोंदणीकृत बुक पोस्ट, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून तिच्या जागी 'ज्ञान पोस्ट' आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत गेलं तर १०० रुपये, कर वेगळा. ती सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, म्हणून किंमत जाहीर करण्याआधीच कादंबरी त्यात बसते का, हे पोस्टमास्तरांना विचारून घ्या. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवंच. अडीचशे ग्रॅमची प्रत असेल तर तालुक्याच्या एकाच माणसाकडे अठरा-एकोणीस प्रतींचा गठ्ठा (वेष्टणासह पाच किलोच्या आत) पाठवा, पुढे वाटप तो बाजारात करतो.