मुलगा बेसबॉल खेळतो, अमेरिकेत ज्युनियर कॉलेजला पाठवायचंय, कुणाला अनुभव?

साताऱ्याची आई: मुलगा बारावीला आहे, शाहू स्टेडियमवर जीव तोडून सराव करतो. एका एजंटने आधी पैसे भरा मग ॲडमिशन नक्की असं सांगितलं, मला धास्तीच वाटतेय, काय करू?

सांगलीकर: ताई पैसे अजिबात भरू नका. तिकडचं ज्युनियर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, बारावीनंतरची 2 वर्षं, मग चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर होता येतं. एनजेसीएए म्हणजे तिकडच्या ज्युनियर कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिच्यात 3 डिव्हिजन, पहिलीत फी, राहणं-खाणं, पुस्तकं सगळं मिळू शकतं, दुसरीत राहणं-खाणं नाही, तिसरीत खेळाची स्कॉलरशिपच नाही, म्हणून डिव्हिजन आधी विचारा.

कराडचा बाबा: बॅटिंग, थ्रो, फिल्डिंगचा छोटा व्हिडिओ करा आणि पोरालाच कोचला मेल लिहू दे, आपण लिहायचं नाही. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत (म्हणजे ज्युनियर कॉलेजांतच) खेळाची स्कॉलरशिप नसते हेही बघा, आणि आय-20, म्हणजे कॉलेजकडून व्हिसासाठी येणारा प्रवेशाचा कागद, आल्याशिवाय व्हिसाचं काही होत नाही.

साताऱ्याची आई: दादा खूप आधार वाटला, आज रात्रीच त्याला मेल लिहायला बसवते.