मालदीवचे ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेज मद्य न घेणाऱ्या शाकाहारी कुटुंबाला परवडते का? मदत हवी आहे

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण, म्हणजे आम्ही दोघे, अकरा आणि पाच वर्षांच्या दोन मुली आणि सासू-सासरे, मुंबईहून मालदीवला चार रात्रींसाठी जाण्याचे ठरवत आहोत. थेट विमानाने प्रवास साधारण तीन तासांचा आहे, पर्यटकांना तिथे उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा विनामूल्य मिळतो आणि प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन घोषणापत्र भरावे लागते, एवढी माहिती मिळाली आहे. त्यामुळे माझा प्रश्न कागदपत्रांचा नसून पॅकेजचा आहे.

ट्रॅव्हल कंपनीने ऑल-इन्क्लुझिव्ह (जेवण, पेये असे सगळे धरून) आणि फुल बोर्ड (फक्त तीन वेळचे जेवण धरून) असे दोन दर दिले आहेत आणि दोहोंतला फरक सहा जणांच्या हिशेबात डोळे विस्फारावेत एवढा आहे. आमच्यापैकी कोणीही मद्य घेत नाही. कोटेशनमध्ये मात्र मद्यांच्या नावांनी पाऊण पान भरले आहे आणि जेवणाबद्दल 'भारतीय शाकाहारी पदार्थ उपलब्ध' एवढी एकच ओळ आहे. केवळ त्या पाऊण पानासाठी जास्त पैसे मोजायचे असतील तर मला ते पटत नाही. पण फुल बोर्डमध्ये जेवणाव्यतिरिक्तचे पाणी, चहा आणि मुलींचे सरबत-आइस्क्रीम यांचे वेगळे बिल होणार आणि ज्या बेटावर एकच रिसॉर्ट असते तिथे कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा आणण्याचीही सोय नसते. शिवाय अशा प्रत्येक वस्तूवर सेवाशुल्क आणि १७ टक्के पर्यटन जीएसटी धरला, की छापील किंमत पाव पटीहून अधिक वाढते. ज्यांनी मद्य न घेता फुल बोर्डवर राहून पाहिले आहे, त्यांचे वरखर्चाचे बिल साधारण किती झाले?

'सगळे समाविष्ट' म्हणताना जे बाहेर राहते, त्याचीही मला धास्ती वाटते. रिसॉर्टमध्ये दर माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर आहे. तो फक्त दोन वर्षांखालील बाळांना माफ असल्याने आमची धाकटीही त्यात आली आणि चार रात्रींचे २८८ डॉलर झाले. विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटापर्यंत नेणाऱ्या, पाण्यावर उतरणाऱ्या सी-प्लेनचे भाडे तर निराळेच. ही विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे आमचे विमान दुपारी उशिरा उतरले तर पहिली रात्र विमानतळाजवळ हुलहुमाले येथे काढावी लागेल, असे कंपनी सांगते. सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तरंगत्या धक्क्यावरून त्या विमानाच्या अरुंद पायऱ्या त्यांना चढता येतील का, की विमानतळाजवळच्या उत्तर माले अटॉल या बेटसमूहातील, स्पीडबोटीने जाता येईल असे रिसॉर्टच घ्यावे? बोटीत चढणे-उतरणे सोपे असते का, आणि लाटांमुळे पाठीला हिसके बसतात का, हे प्रत्यक्ष वृद्धांना घेऊन गेलेल्यांनी सांगावे.

आता सर्वांत अवघड भाग. २४ डिसेंबरला मार्गशीर्षातला गुरुवार आहे. सासूबाईंचा दिवसभर उपवास असतो आणि रात्री त्या कांदा-लसणाशिवायचे जेवण घेतात. नेमके त्याच रात्री रिसॉर्टचे नाताळचे विशेष जेवण आहे, त्याचे पैसे सर्वांना सक्तीने भरायचे आहेत आणि ते ऑल-इन्क्लुझिव्हमध्येही धरलेले नाहीत. उपवास करणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीसाठी ही रक्कम माफ किंवा कमी करून मिळते का? तसे कोणी लेखी मागून पाहिले आहे का? स्वयंपाकघराला आधी कळवल्यास साधा वरण-भात आणि एखादी भाजी वेगळ्या भांड्यात मिळते, असा कोणाचा अनुभव असल्यास मला रिसॉर्टच्या नावासकट हवा आहे. कारण 'जैन जेवण मिळेल' हे उत्तर आम्हाला सर्वांकडून एकाच साच्यातले आले आहे.

पूजेच्या मूर्ती त्या देशात नेण्यास मनाई आहे, हेही नुकतेच समजले. सासूबाई गुरुवारी घट मांडून महालक्ष्मीचा फोटो ठेवतात. मूर्ती आम्ही नेणार नाहीच, परंतु छोटा तसबिरीवजा फोटो आणि व्रताची पोथी बॅगेत असल्यास सीमाशुल्क तपासणीत अडचण येते का? (नारळाची चिंता नको, तो तिथे हवा तेवढा मिळेल, असे सासरे म्हणाले. त्यावर सासूबाई हसल्या नाहीत.)

माफुशीसारख्या स्थानिक बेटावरील गेस्ट हाउस स्वस्त पडते हे मला ठाऊक आहे. पण सासू-सासऱ्यांना खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत बग्गी मिळावी, या एका कारणासाठी आम्ही रिसॉर्टवर अडून आहोत, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नये.

आगाऊ रक्कम भरण्यास येत्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे. फुल बोर्ड घेऊन नंतर तिथे पोहोचल्यावर ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये बदल करता येतो का, एवढे जरी कोणी आधी सांगितले तरी निर्णय घेता येईल.