मदत हवी आहे: देवाची निवड आत्याला कशी समजावू?

जय ख्रिस्त मंडळी. मी जालन्याकडचा. रविवारी आमच्या घरी बायबल अभ्यास असतो. इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय घेतला आणि जगाच्या स्थापनेपूर्वीच देवानं तारणासाठी माणसं निवडली, या मुद्द्यापाशी गाडी अडली. काल सुपात ज्वारी निवडता निवडता आत्या म्हणाली, "मी खडे फेकते, तसं देवानं माझ्या लेकाला आधीच फेकलं काय रे? मग मी रोज गुडघे कशाला टेकते?" मला बोलताच येईना. 1618-19 च्या डॉर्ट सिनडचे (नेदरलँड्समधल्या चर्चसभेचे) मुद्दे, की निवड फक्त देवाच्या मर्जीनं होते, आणि त्याउलट आर्मिनियसवाद्यांचं म्हणणं, की कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून देव निवडतो, सगळं वाचलंय. तिच्यापुढं ते काय कामाचं! रोमकरांस पत्राचा 9 वा अध्याय काढावा, जिथं देव हवं त्याच्यावर दया करतो आणि हवं त्याला कठीण करतो असं आहे, तर ती आणखी घाबरेल, आणि 1 तीमथ्य 2:4 म्हणतं सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. दोन्ही एकत्र कसं सांगता तुम्ही? वाद नको. तिला कळेल असं काही द्या, रविवारी ती परत विचारणार.